काऊन

राईस मिलमधून गरम कोंड्याचा वास आला की मला गोंदियातलं, मिलच्या शेजारचं ते नेट कॅफे आठवतं. मी चिचगडहून कॉलेजसाठी आले होते. तोंड उघडलं की वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मुली माझ्या बोलीला हसायच्या, म्हणून दुपारी कॅफेत जाऊन मी ऑनलाइन खेळ खेळायची. तिथे मी तलवारवाली होते आणि बोलावं लागत नव्हतं. एक अनोळखी जादूगार रोज सोबतीला असायचा. एके दिवशी आम्ही दोघांनी मिळून बर्फाच्या डोंगरावरचा ड्रॅगन पाडला. मी मरता मरता वाचले, कारण त्याने स्वतःचं शेवटचं औषध मला दिलं. निघताना मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, ‘टुमारो नॉट कमिंग.’ उत्तरात इंग्रजी अक्षरांतला एकच शब्द आला: के, ए, यू, एन. काऊन. आमच्याकडे ‘का’ असं कुणी विचारत नाही, ‘काऊन’ विचारतात. एवढ्या मोठ्या जगात मला माझ्याच मुलखाचा माणूस भेटला होता. गावी भातलावणी सुरू झाली होती; माझी बोटं थांबेनात. ‘धानाचा रोवणा लागला ना, गावाले जाऊन राहिली. मायची कंबर दुखून राहिली. तू कोणत्या गावचा?’ मग पडद्यावर आलं, ‘सॉरी, मराठी नहीं आती. मैंने पूछा, कौन नहीं आ रहा?’ मी ‘कोई नहीं’ लिहिलं आणि उठले. आता मी गोंदियातच राहते, हिंदी सफाईने बोलते. तरी बंद दारामागून कुणी ‘कौन?’ विचारलं, की मी नाव सांगायचं सोडून का आले तेच सांगायला लागते.