नलूबाई आणि टाचा आपटायचा नाच

आज सकाळी नलूबाई गेल्या. आणि मला रडूच येईना.

गुजराती मुलखातल्या मराठी शाळेतल्या आमच्या बाई. पर्वत पाटियाजवळ लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, त्यांची खोली. खाली दिवसभर लूमची खटाखट. वर बोलायचं तर ओरडूनच.

त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यानं स्पेनहून एक व्हिडिओ कॅसेट आणली. फ्लेमेंको. बायका टाचा आपटतात, टाळ्या वाजवतात, मध्येच ओरडतात.

बाईंनी कॅसेट बघून बघून नाच उचलला. खरा किती आणि मनचा किती, देव जाणे. शाळेच्या काळ्या बुटांना मोच्याकडून टाचेत खिळे ठोकून घेतले आणि गल्लीतल्या बायकांचा दुपारचा क्लास सुरू. फुकट.

"गरब्यात हसावं लागतं, कथकमध्ये हसावं लागतं. कपाळाला आठ्या घालून नाचायचा हा एकच नाच सापडलाय मला!"

नियम एकच. लूम चालू असतानाच नाचायचं. मग किती आपटा, किती बोंबला, बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

सासूचं, नवऱ्याचं, माहेरचं, सगळं त्या खटाखटीत बाहेर पडायचं.

मी सातवीत होते तेव्हा पप्पा गेले.

आई रडली नाही. एक थेंब नाही. घरी कामाला आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसायची. आम्ही जेवलो का, शाळेत गेलो का, काही विचारायची नाही. मला वाटायचं, पप्पा गेले आणि पाठोपाठ हीपण चालली.

मी बाईंना सांगितलं. त्या तडक घरी आल्या, आईच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला हाताला धरून क्लासला नेलं.

पहिले दोन आठवडे आई नुसती उभी.

"बाई, मना पाय दुखतस."

"दुखू देत. आपटा."

मग एका दुपारी ती आपटायला लागली. एक टाच, दुसरी टाच. कपाळाला आठ्या. आणि तोंडातून आवाज फुटला.

नेमकी तेव्हाच लाइट गेली.

सगळे लूम एकदम बंद. आणि गल्लीभर फक्त माझी आई, पप्पांना जाब विचारत.

"माले सोडीसन काब्र ग्यात हो? मी एकली काय करू?"

तिला थांबताच येईना. बाईंनीही थांबवलं नाही. बाजूला उभ्या राहून टाळीचा ठेका देत राहिल्या.

थोड्या वेळानं लाइट आली. पण एकही लूम चालू झाला नाही. खालचे कारीगर, बहुतेक आमच्याच खानदेशातले, तसेच उभे होते. आईचं रडून होईपर्यंत.

संध्याकाळी तिनं मला झापलं. "ही भांडी घासलीस की नुसती ओली केलीस?"

अहाहा! इतकं बरं वाटलं ना मला!

पण मग आई शरमेनं चार दिवस घराबाहेर पडेना. पाचव्या दिवशी बाई दारात.

"सुमनताई, सगळ्या गल्लीनं ऐकलंय. आता लपवायला उरलंय काय? चला, बूट घाला."

आई पुढे कितीतरी वर्षं जात राहिली. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा क्लास बंद झाला. चहा मात्र चालू राहिला.

आज बाईंना पोचवून घरी आलो. मी सोफ्यावर दगडासारखी. फोनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप करत होते, खोडत होते, परत टाइप करत होते.

आईनं हातातून फोन काढून घेतला. बाईंनी कात्री घेतली होती तसाच.

"उठ. आपट."

"अगं आई, खाली लोक राहतात! आणि तुझे गुडघे?"

"आपट म्हटलं ना."

सातव्या मजल्यावर, टाइल्सवर, आम्ही दोघी. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला मी भोकाड पसरलं.

इंटरकॉम वाजला. खालच्या फ्लॅटमधले काका.

आईनं आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं, आमचं माणूस गेलंय, थोडं होऊ द्या.

"वांधो नहीं, बा," ते समजुतीनं म्हणाले आणि फोन ठेवला.

बाई, आज खाली लूम नव्हते. सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं.

लपवायला काही उरलं नाही.

सुखानं जा. ठेका आम्ही धरलाय.