ओरिजिनल कपाटात, आम्ही धक्क्यावर

आधीच सांगून ठेवते, हे वाचून तुम्ही उठून बॅग भरायला घ्याल याची काही खात्री नाही. क्रूझ होती दोन रात्रींची आणि मी अजून झोप भरून काढतेय. पण एवढ्यात तीन मैत्रिणींनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "अगं, क्रूझला पासपोर्ट लागतो का?" म्हटलं, एकदाच लिहून टाकू. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं त्राण माझ्यात नाही.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन चेन्नईत आले, आता मुलगी कॉलेजात जाते. सासरची माणसं तंजावरची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच; त्यामुळे घरात जुन्या वळणाची मराठी आणि तिच्यात निम्मं तमिळ; 'बरं' म्हणायचं तर 'सेरी'. वेस्ट मांबलमला फ्लॅट आहे. सासरे, म्हणजे आप्पा, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेत. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात. नवरा श्रीनिवास कामासाठी हैदराबादला असतो आणि तिथून फोनवर उत्तम सल्ले देतो.

क्रूझचं खूळ माझं नव्हे. एका रविवारी अम्मा आणि मी बेसंट नगरच्या बीचवर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, खात बसलो होतो. अम्मा समुद्राकडे बघत म्हणाल्या, "मंजिरी, काठ पुष्कळ पाहिला ग. मधून कसा दिसतो हा?" मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. आप्पांनी आजवर रद्द केलेले प्रवास त्या बोटांवर मोजू लागल्या. काशी, कारण थंडी. शिर्डी, कारण वेटिंग लिस्ट. भाचीचं बेंगळुरूचं लग्न, कारण म्हणे त्या आठवड्यात पाऊस. "गुडघे चालताहेत तोंवर एकदा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मला ते वाक्य काही स्वस्थ बसू देईना. घरी आले आणि अम्मा, आप्पा आणि मी, असं तिघांचं बुकिंग केलं; मुलगी त्याच दिवसांत कॉलेजच्या ट्रिपला जाणार होती.

आता कामाचं. क्रूझ दोन प्रकारच्या असतात. जहाज दुसऱ्या देशात, म्हणजे इथून बहुधा श्रीलंकेला, थांबणार असेल तर पासपोर्ट लागणार आणि व्हिसाचंही बघावं लागणार. आमची सोपी होती: चेन्नईहून निघायचं, खोल समुद्रात फिरायचं, चेन्नईलाच परत. तिला आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही एक चालणार होतं. पॅन कार्ड चालत नाही, फोनमधला फोटो चालत नाही आणि तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळायला हवं. आमच्या कंपनीचा हा नियम. तुमच्या कंपनीला तुम्ही स्वतः विचारा. आणि कार्ड ओरिजिनल हवं. ओरिजिनल! हा शब्द मी घरात इतक्या वेळा कानीकपाळी ओरडले की मुलगी मला त्याच नावाने हाक मारायला लागली.

कारण आमचे आप्पा. आप्पांच्या मते ओरिजिनल ही बाहेर न्यायची वस्तूच नाही. ओरिजिनल कपाटात असतं, किल्ली जानव्याला असते आणि बाहेर जाते ती झेरॉक्स, तीही अटेस्ट केलेली, निळ्या फाईलमध्ये. याच्यावर मी पूर्वी खूप चिडायचे. पण चेन्नईच्या त्या मोठ्या पुरात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी आलं होतं. खालच्या खणातले सगळे कागद लगदा होऊन बाहेर आले. पेन्शनची, घराची, सर्टिफिकेटांची डुप्लिकेट मिळवायला हा माणूस वर्षभर रांगांमध्ये उभा राहिला. तेव्हापासून हे असं आहे. कळतं मला. पण कळलं म्हणून ताप कमी होत नाही ना!

आदल्या संध्याकाळी मी स्वतः तपासलं. निळी फाईल, आत आप्पांचं ओरिजिनल आधार. अम्मा म्हणाल्या, "माझं माझ्याकडे आहे, तू जा." मी गेले, बॅगा भरल्या. मळमळीच्या गोळ्या (डॉक्टरांना विचारून घ्या), एक शाल (आतला एसी गारठवतो) आणि अम्मांच्या हट्टाखातर डबाभर दहीभात.

दुपारी टॅक्सीने बंदरावर पोचलो. सामान कमी असेल तर लोकलने बीच स्टेशन गाठून पुढे रिक्षा करा, स्वस्त आणि लवकर. गेटवर बोर्डिंग पासची छापील प्रत बघतात. सिक्युरिटीने पहिल्या झटक्यात दहीभात काढून घेतला. बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. अम्मा त्या डब्याकडे वळून वळून बघत होत्या. मग आला चेक-इनचा काउंटर. आप्पांनी ऐटीत निळी फाईल उघडली.

"सर, ओरिजिनल?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"हें अटेस्टेड आहे," आप्पा म्हणाले आणि मग तेच तमिळमध्ये सांगितलं.

"सर, ओरिजिनल."

मी फाईलमध्ये डोकावले. "आप्पा, काल मी डोळ्यांनी बघितलं होतं!"

"काल होतं. सकाळी विचार केला. पाण्यावरचा प्रवास, मंजिरी. परत ठेवलं."

कप्पाळ माझं! मी त्या मुलीला विनवलं, मॅनेजरला बोलावलं, श्रीनिवासला फोन लावला. ती बिचारी नम्रपणे तेच तेच सांगत राहिली. आप्पा शांतपणे फाईल मिटवून म्हणाले, "हिचंही सकाळी सापडलं नाही, झेरॉक्सच आणलीय. सेरी, परत जाऊं. पुढच्या वेळीं येऊं."

तेवढ्यात अम्मांनी पर्स उघडली. औषधाच्या गोळ्यांच्या छोट्या पाकिटातून स्वतःचं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ओरिजिनल.

"हें कोठे होतं?" आप्पा ओरडलेच. "सकाळपासून कपाट उपसतोय मी!"

"रेशन दुकानांतून आलें तेव्हांपासून माझ्याजवळ आहे. आणि पुढची वेळ म्हणतां, ती कोठे ठेवलीय तुम्ही? कपाटांत?"

रांगेतल्या कुणाला मराठी कळत नसावं, पण सगळे वळून बघायला लागले. आप्पांना अम्मांनी असं चारचौघांत बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

ठरलं असं की आप्पांनी लोकलने मांबलमला जायचं, कार्ड आणायचं, लोकलनेच परत यायचं. काउंटर बंद व्हायला वेळ होता. मी म्हटलं, किल्ली द्या, मी पळत जाते. छे! जानव्याची किल्ली सुनेच्या हातात कशी देणार? गेले स्वतःच, रुमालाने घाम पुसत. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. शेजारून नाचत-गात एका ऑफिसचा ग्रुप आत गेला, नवी जोडपी गेली, गळ्यात फुगवलेली टायर घालून पोरं गेली. माझं डोकं भणभणत होतं.

आप्पांचा फोन आला. कार्ड घेतलं, निघालो. मी सुटकेचा निःश्वास टाकला. थोड्या वेळाने मीच फोन केला, "कुठल्या स्टेशनात आलात?"

"स्टेशन नाही. ऑटोंत आहे. माउंट रोडला. सगळं थांबलंय."

"ऑटो? आप्पा, लोकलने यायचं ठरलं होतं ना!"

"लोकलमध्ये पाकीटमार असतात. ओरिजिनल आहे खिशांत."

मी फोन ठेवला आणि हात टेकले. काउंटरवरची मुलगी आता आमच्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी ती उठून आली. मॅडम, आता बंद करावं लागेल, तुम्ही दोघी येताय का? मी अम्मांकडे बघितलं. खरं सांगू? मला वाटलं, त्या म्हणणार, जाऊ दे, घरी जाऊ. आणि मी इतकी दमले होते की मलाही तेच हवं होतं.

"ऑटोंत बसलेत ना हे?" अम्मांनी विचारलं.

"हो."

"मग सुखरूप आहेत. चल."

आणि त्या चालू लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, पदर खोचून, माझ्यापुढे.

जहाजाबद्दल थोडक्यात. खोलीत शिरल्यावर मला माझीच लाज वाटली. पैसे वाचवायला मी आतली खोली घेतली होती, बिनखिडकीची. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर खिडकीवाली घ्या, कुरकुर न करता. आत रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर. इंटरनेट महाग आहे आणि किनारा सुटला की फोनची रेंज जाते. सुरुवातीला लाइफ जॅकेटची कवायत असते, ती चुकवू नका. शाकाहारी जेवणाचे हाल नाहीत: इडली, सांबार, पनीरच्या चार भाज्या. दहीभातही होता. अम्मांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "आपला बरा होता."

जहाज निघालं तेव्हा सगळे शहराच्या बाजूच्या कठड्याला लागले, दीपस्तंभाचे फोटो काढायला. मीही तिकडेच. किनाऱ्यावरची माणसं दिसत होती, पण ओळखू येण्यासारखी नाहीत. मी अम्मांना हाक मारली, "इकडे या, आप्पा आले असतील कदाचित!" त्या जागच्या हलल्या नाहीत. पलीकडच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, शहराकडे पाठ करून.

"काठ पाहिलाय मी," म्हणाल्या.

दुसरा दिवस समुद्रातच गेला. खाली पूलवर डीजेचा धिंगाणा, लिफ्टला रांगा, नाश्त्याला टेबल मिळवायची मारामारी. मला मळमळलं. गोळी घेऊन आडवी झाले. अम्मा मात्र सकाळी डेकवरच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मी अधूनमधून चहा नेऊन द्यायचे. चारी बाजूंना फक्त पाणी होतं, आणि त्याचा रंग आपल्या बीचवरच्यासारखा मातकट नव्हता, गडद निळा होता. एकदा त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"मंजिरी, मला बरं वाटतंय ग. हे एकटे आहेत घरीं, वाटायला नको. पण वाटतंय."

माझेच डोळे भरून आले. रडायला काय, दमलेल्या माणसाला कुठलंही कारण पुरतं. मग त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला आणि मला झोपायला पिटाळलं.

परतीच्या सकाळी उतरताना ओळखपत्र हाताशी ठेवा, आणि सामानासाठी धीर धरा, तासभर तरी जातो. बाहेर आलो तर गेटाबाहेर आप्पा. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. आम्हाला बघताच त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड काढून दाखवलं.

"त्या दिवशीं आलों होतों मी," म्हणाले. "गेट बंद झालं होतं. मग मरीनावर गेलों. जहाज जाईपर्यंत उभा होतों. रुमालही हलवला. पाहिलंस का तूं मला?"

अम्मांनी बॅग खाली ठेवली. "नाही. मी दुसऱ्या बाजूला होतें."

"दुसऱ्या बाजूला काय होतं?"

"समुद्र."

आप्पांनी मान डोलावली. मग वाकून त्यांनी अम्मांची बॅग उचलली. इतक्या वर्षांत त्यांना अम्मांची बॅग उचलताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही लोकलने घरी आलो, आणि सबंध रस्ता त्यांचा एक हात शर्टाच्या खिशावर होता.

मैत्रिणी विचारतात, पुन्हा जाशील का? आत्ता विचारू नका. कपड्यांचा ढीग धुवायचा पडलाय, माझ्या अड्यारच्या ऑफिसात सुट्टीत साचलेलं काम वेगळंच, आणि जमीन अजून हलल्यासारखी वाटते. मजा आली म्हणावी, तर निम्मा वेळ मी आडवी होते. पण डोळे मिटले की अम्मांची ती पाठ दिसते, कठड्याला धरून उभी राहिलेली. एवढं मात्र राहिलंय.

आणि घरी आल्यावर जे झालं, ते. आप्पांनी जानव्याच्या किल्लीने कपाट उघडलं. स्वतःचं कार्ड जागेवर ठेवलं. मग सवयीने अम्मांपुढे हात केला, "दे तुझं."

अम्मांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "असूं दे माझ्याजवळ. परत लागेल."

आप्पांनी कपाटाचं दार लावायला घेतलं आणि पुन्हा उघडलं. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

"सेरी," ते शेवटी म्हणाले. "मग त्याची झेरॉक्स तरी दे. कपाटांत ठेवतों."