स्पिरिटवरची गाडी आणि वानखेडे काका

आमच्या चौघांचे किस्से कोणी मुद्दाम जमवलेले नाहीत, ते आपोआप साठले. आता कोणाच्याही लग्नात किंवा वास्तुशांतीला आमच्यातले दोघे जरी भेटले तरी ‘तो पोलीस आठवतो का रे?’ इथून सुरुवात होते आणि आमच्या बायका ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जातात. माझी बायको तर शेवटचं वाक्य माझ्याआधी बोलून टाकते, म्हणजे विषय संपतो! म्हणून म्हटलं, एकदाचे लिहून काढावेत. लिहिताना तरी मध्ये कोणी बोलणार नाही.

पुण्यात आयटी नुकती भरात आली होती तेव्हाची गोष्ट. मी आणि निशांत एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या क्युबिकलमध्ये. निशांत सहा महिने अमेरिकेला ऑनसाइट जाऊन आला. बाकीचे लोक तिकडून चॉकलेटं आणायचे, हा वेड घेऊन आला. गाडी इथेनॉलवर पळवायची! टर्बो बसवलेल्या इंजिनाला इथेनॉल पाजलं की ते थंड राहतं, जास्त दाब सोसतं आणि गाडी अशी सुटते की बास, हे त्यानं कँटीनमध्ये टिश्यू पेपरवर आकृती काढून मला पटवलं. धोके लिहायला त्या कागदावर जागा उरली नव्हती.

गाडी आठ वर्षांची साधी हॅचबॅक. गॅरेज वारज्यातलं, आमच्या मित्राचं, मिलिंद वानखेडेचं. आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले मिलिंदचे वडील, वानखेडे काका. मूळचे नागपूरकडचे, पण सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात झालेली. आम्हाला वाटायचं, रिटायर माणूस वेळ घालवतोय. आज मी हे दहाही बोटांनी टाइप करतोय ते त्या खुर्चीमुळे, हे आधीच सांगून ठेवतो.

*

इथेनॉल म्हणजे शुद्ध स्पिरिट, आणि ते बाळगायचं तर सरकारी परवाना लागतो. ‘कुठून तरी मिळवू रे’ असं निशांत म्हणाला, तेव्हा काकांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, “आधी कागद. मग ड्रम.”

गेलो दारूचे परवाने देणाऱ्या कचेरीत. तिथल्या क्लार्कनं आमचा अर्ज दोनदा वाचला. ‘प्रयोजन’ या रकान्यात आम्ही लिहिलं होतं, ‘मोटारगाडीकरिता’. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

“गाडीचं वय पंचवीस पूर्ण आहे का?”

“नाही हो,” निशांत अगदी मनापासून म्हणाला, “आठ.”

“मग पालकांना घेऊन या!”

*

आणि पालकांना खरंच आणावं लागलं, कारण गाडी निशांतच्या आईच्या नावावर होती. अर्जावर सही त्यांची हवी होती.

या बाई कसबा पेठेतल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान लवकर गेले, निशांत एकुलता एक. त्या सही करायला गॅरेजमध्ये आल्या, आणून ठेवलेला रिकामा ड्रम पाहिला, गाडीखालून बाहेर आलेल्या नळ्या पाहिल्या आणि विचारलं, “इथे जबाबदार कोण?”

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं, मी निशांतकडे पाहिलं, निशांतनं छताच्या पत्र्याकडे पाहिलं. काकांनी पेपरची घडी घातली.

“मी.”

“आपण काय करता?”

“नोकरीत दारूगोळा सांभाळला. आता हे तीन पोट्टे सांभाळतो.”

“माझा मुलगा इथे जसा येतो, तसाच मला परत पाहिजे.”

“जसा नेतो तसा आणून देईन, ताई.”

बाईंनी सही केली. त्या दिवसापासून गाडी आमच्याकडे राहिली आणि निशांत काकांच्या ताब्यात गेला.

*

काकांचा पहिला नियम असा, की दारात येताच खिसे रिकामे करायचे. लायटर, काडेपेटी, मोबाइल, सगळं बाहेर स्टुलावर ठेवायचं. दुसरा नियम, अंगात सुती कपडा पाहिजे. नायलॉन घासलं की ठिणगी पडते, आणि इथे ड्रम उघडा असतो.

एका शनिवारी मी ऑफिसमधून थेट आलो. अंगात कंपनीचा नवाकोरा चकचकीत टी-शर्ट, छातीवर लोगो, पाठीवर आमचं घोषवाक्य. काकांनी मला दारातच अडवलं.

“हे काढ.”

“काका, आज कंपनीची टाउन हॉल मीटिंग होती, सगळ्यांना हाच दिला.”

“मग कंपनीचा शर्ट कंपनीत पेटू दे, माझ्या इथं नको!”

दिवसभर मी काकांच्या जुन्या कोपरीत, म्हणजे बिनबाह्यांच्या बंडीत काम केलं. निशांतनं दाराबाहेरून माझा फोटो काढला आणि सोमवारी सगळ्या टीमला मेल केला. मॅनेजरनं उत्तर पाठवलं, ‘न्यू ड्रेस कोड?’

*

एका रविवारी सकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर आम्हाला पोलिसानं थांबवलं. इथेनॉलच्या गाडीचा धूर अंगावर आला की बारच्या मागच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. हवालदारांनी खिडकीतून आत नाक घातलं.

“कोण प्यायलंय?”

मशिनमध्ये निशांतनं फुंकलं, मी फुंकलं. शून्य. पुन्हा फुंकलं. पुन्हा शून्य. शेवटी निशांतनं सांगून टाकलं, “साहेब, गाडी पिते.” आणि परवाना काढून दाखवला.

हवालदारांनी परवाना शांतपणे वाचला, घडी घालून परत दिला.

“कागद बरोबर आहे. पण प्यायलेली गाडी रस्त्यावर चालवू देता येत नाही. तुम्ही दोघं शुद्धीत आहात ना? मग ढकलत न्या!”

वारज्यापर्यंत ढकलली हो! काका दारातच होते. म्हणाले, “आज पहिल्यांदा बरोबर स्पीडनं आली.”

*

निशांतला घाई फार. इंधनाच्या नळ्या बदलायला पंधरा दिवस लागतील असं मिलिंद म्हणाला, तर हा म्हणतो, “रबरच आहे ना? पेट्रोल चालतं, मग हे का नाही चालणार?”

काका भांडले नाहीत. त्यांनी सुनेच्या लोणच्याच्या बरणीत स्पिरिट ओतलं, त्यात जुन्या नळीचा तुकडा टाकला आणि झाकण लावून फळीवर ठेवली. उज्ज्वलावहिनींनी बरणी शोधता शोधता घर डोक्यावर घेतलं, तरी काकांनी पत्ता लागू दिला नाही. तीन आठवड्यांनी त्यांनी तो तुकडा निशांतच्या हातात दिला. मुरलेल्या मिरचीसारखा लिबलिबीत, बोटानं दाबला तर फाटला.

“हा तुझ्या इंजिनाला दूध पाजणार होता.”

निशांतनं मुकाट्यानं सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. उज्ज्वलावहिनींना नवी बरणीही आणून दिली. ती अजून त्यांच्याकडे आहे, पण तिच्यात लोणचं घालायचा त्यांना धीर होत नाही.

*

आता माझी चूक. ही मी एरवी सांगत नाही.

पेट्रोलपेक्षा इथेनॉल जवळजवळ दीडपट लागतं. इंजिनात किती सोडायचं, ते लॅपटॉपवरून ठरवायचं काम माझं. एकदा गडबडीत मी जुनी, पेट्रोलची फाइल चढवली. टाकीत इथेनॉल, मेंदूत पेट्रोल! इंजिन उपाशी धावलं. मिलिंदला आवाज वेगळा लागला, म्हणून त्यानं बंद करून प्लग काढला, तर तो पांढराफटक, टोक वितळायला आलेलं. आणखी पाच मिनिटं चाललं असतं तर पिस्टनला भोक पडलं असतं, आणि निशांत तेव्हा नेमका बॉनेटवर वाकून उभा होता.

“कोणी केलं?” काकांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. आणि सवयीनं पुढे बोलून गेलो, “पुढच्या रिलीजमध्ये फिक्स करतो.”

काकांनी तो पांढरा प्लग माझ्यासमोर धरला.

“आमच्या इथं पुढचं रिलीज नसायचं, बाबा.”

ओरडले नाहीत. शेजारी बसवून कागदावर यादी करून घेतली. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं गाडीवर हात ठेवून मोठ्यानं तेच म्हणायचं, मगच पुढची ओळ. आज माझ्या हाताखाली चाळीस लोक आहेत आणि कुठलंही सॉफ्टवेअर लाइव्ह जाताना आम्ही तस्संच करतो. पोरं हसतात. हसू देत. मला काय शिकायला मिळालं ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी त्या माणसाचा जन्माचा ऋणी आहे.

*

आणि शेवटचा. हा सांगताना आम्ही कोणीच हसत नाही, तरी सांगितल्याशिवाय उठत नाही.

शहराबाहेर एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. एप्रिल महिना, दुपारचे बारा, डोळे उघडवत नव्हते. दुसरी फेरी मारून निशांत थांबला. इंजिन चालू, पट्टे आवळलेले. खिडकीतून म्हणाला, “पायाला गरम लागतंय.”

“एप्रिल आहे, राजा!” मी म्हणालो.

ना धूर, ना ज्वाळा. मिलिंद बॉनेटकडे निघाला तसं काकांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. धावपट्टी झाडणाऱ्या बाईंचा खराटा त्यांनी उचलला आणि तो समोर धरून एकेक पाऊल टाकत गाडीकडे चालू लागले. “दृष्ट काढताय का, काका?” कोणीतरी ओरडलं. कोणीतरी म्हणजे मीच.

दारापासून हातभर अंतरावर खराट्याचं टोक नुसत्या हवेत पेटलं.

इथेनॉलची आग उन्हात दिसत नाही. गाडी कधीची जळत होती आणि आम्ही वीस माणसं तिच्याकडे बघत उभे होतो!

काकांनी खराटा फेकला, खिडकीतून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, पट्टा सोडवला आणि निशांतला खेचून बाहेर काढलं. तोवर मिलिंदनं पाण्याचा ड्रम गाडीवर उपडा केला होता. निशांतच्या भुवया आणि पुढचे केस गेले, बाकी ओरखडा नाही. गाडीचं विचारू नका.

डॉक्टरांनी काकांच्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत बँडेज बांधलं. घरी चला म्हटलं तर ऐकेनात. “आधी कसब्यात.”

निशांतच्या आईंनी दार उघडलं. मुलाला आपादमस्तक पाहिलं, हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“याच्या भुवया?”

“तेवढ्या आणायच्या राहिल्या, ताई,” काका म्हणाले. “महिनाभरात येतील. तोवर दर रविवारी मी येऊन बघून जाईन.”

तेव्हा बाईंचं लक्ष त्यांच्या बँडेजकडे गेलं.

“आणि हा तुमचा हात?”

काका चपला काढता काढता म्हणाले, “तो तुमच्या इथून कुठं नेला होता, ताई?”