पाच मिनिटं, थंड होऊ दे

भर मे महिन्यात गाडीतला हीटर पूर्ण चालू ठेवून फिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, माझे सख्खे मामा. हीटर लावला की इंजिनाची धग आत येते आणि इंजिन वाचतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंही होतं, फक्त आम्ही भाजून निघायचो. मामी पदरानं वारा घेत बसायची. मी कुरकुरले की मामा म्हणायचे, "तिला लई गरम होतंय गं. आपण घाम तरी पुसू शकतो."

'ती' म्हणजे गाडी. सेकंडहँड घेतलेली आणि तेव्हा वीस वर्षांची. मी शिकायला म्हणून पुंडलिकनगरला मामांकडे आले आणि नोकरी लागल्यावरही तिथंच राहिले. माझ्या परीक्षेला सोडायला मामा दीड तास आधी निघायचे, वाटेत थांबायचा वेळ धरून. काटा वर चढला की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि म्हणायचं, "पाच मिनिटं, थंड होऊ दे." अर्धा अर्धा तास आम्ही त्या पाच मिनिटांत काढलाय.

रोज सकाळी ते रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, तेही बोअरचं. उस्मानपुऱ्यातल्या मिस्त्रीनं हात जोडून सांगितलं, "मामू, बोअर का पानी मत डालो. अंदर पूरा खार जम गया. नया रेडिएटर लगेगा." मामा घरी येऊन उसळले, "नळाला आठ आठ दिवस पाणी नाय. माणसाला पुरंना, आन गाडीला गोडं पाणी पाजू व्हय?" आमच्या बादल्यांवर चढलेले पांढरे थर रोज डोळ्यांसमोर होते. पण रेडिएटरच्या आत कोण बघतंय! नवा रेडिएटर दिवाळीनंतर बघू असं ठरलं, आणि दिवाळ्या येत गेल्या.

मामीचं माहेर सिल्लोडचं. एका एप्रिलमध्ये सकाळीच तिच्या भावाचा फोन आला, "आईनं पाणी सोडलंय. तुझं नाव घेतीय. लगेच नीघ." आम्ही तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. फुलंब्री मागं पडली आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. मामांनी एका लिंबाखाली गाडी घेतली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. तेवढ्यात एक काळीपिवळी जीप थांबली. "सिल्लोड का? दोन सीट हायेत, बसा पटकन."

मामी उठली. पिशवी हातात घेऊन तिनं मामांकडे बघितलं. मामांचं डोकं बॉनेटमध्ये. वर न बघताच म्हणाले, "झालंच आता, पाचच मिनिटं." मामी तशीच खाली बसली. मी तिचा हात धरून तिला जीपमध्ये ढकलायला पाहिजे होतं. नाही ढकललं. मामांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, आणि जीप निघून गेली. जळो माझं ते शहाणपण!

आम्ही पोचलो तेव्हा दारात माणसं जमलेली होती. "आत्ता तासाभरापूर्वी गेली," मामीचा भाऊ म्हणाला. "दारात गाडी वाजली की विचारायची, शांता आली का?" मामी पायरीवरच बसली. मामा रस्त्यावर उभे होते, ते कितीतरी वेळ आत आलेच नाहीत.

त्याच महिन्यात त्यांनी गाडी भंगारात काढली. पुढं त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण. शेवटी माणूस अंथरुणाला खिळला, तो दोन वर्षं तसाच. एका दुपारी मामी स्वयंपाकघरात असताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तिला जा म्हणायला पाहिजे होतं गं मी. एवढा एक शब्द नाय निघाला तोंडातून." मी म्हटलं, "मग मामीला सांगा ना हे." त्यांनी मान फिरवली. "कोणत्या तोंडानं सांगू?" आठवड्यानं ते गेले.

तेराव्यानंतर मामी मेथी निवडत बसली होती. तिला तेवढाच आधार वाटेल म्हणून मी मामांचं ते बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिचे हात थांबले.

"तुला सांगितलं व्हय?" ती म्हणाली. "मी तर दोन वर्षं ह्यांच्या उशाशीच बसून होते की गं."