भिंतीवरचं वऱ्हाड

भिंगकाकू लग्नाला गेल्या की नवरा-नवरीकडे सगळ्यांत शेवटी बघत. आधी मांडवामागे एक चक्कर. "खरं लग्न तिथे चालतं गं," म्हणत, आणि कोण रुसलंय, कोणी लाडू लपवलेत याची बित्तंबातमी घेऊनच येत. पर्समध्ये भिंग कायम असायचं, म्हणून दिल्लीत द्वारकेच्या आमच्या नव्या सोसायटीत मराठी मंडळींनी त्यांना हे नाव ठेवलं.

दोष नोकरीचा. काकू एका सरकारी संग्रहालयात जुनी युरोपीय छापचित्रं सांभाळत. पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शेतकऱ्यांची नाचरी वऱ्हाडं, काडेपेटीवरच्या चित्राएवढी. सोनारांनी पेल्यांवर नक्षी कोरावी म्हणून काढलेले ते नमुने. त्यात प्रत्येक गोष्टीला अर्थ असे. सांडलेली अंडी म्हणजे उधळेपणा, कलंडलेला बुधला म्हणजे दारूचा नाद. माझं दूध उतू गेलं तरी काकू त्याचा अर्थ लावत. "पण बघतं कोण? सगळं खणात पडून," एवढं म्हणताना मात्र त्या हसत नसत. निवृत्ती जवळ आली होती, आणि एकदा तरी लोकांनी ती चित्रं बघावीत, ही एकच हौस उरली होती.

ते दिवस घरोघरी इटालियन फरशीची स्वप्नं पडण्याचे. सोसायटीच्या हॉलसाठी सेक्रेटरी खन्नाजींना "कुछ फॉरेन-टाइप" हवं होतं. काकूंनी आपल्या एका वऱ्हाडाचं चित्र पुढे केलं. "बिल्कुल इम्पोर्टेड!" खन्नाजी खूश. पेंटरने ते भिंतभर मोठं केलं, एकही रेघ न गाळता.

उद्घाटनाच्या सकाळी खन्नाजींना दिसलं, की कुंपणामागे एक पाहुणा भडाभडा ओकतोय. मूळ चित्रात मुंगीएवढा असलेला तो आता खन्नाजींएवढा झाला होता.

"मॅडम, ये क्या है?"

"ज़्यादा खाने का प्रतीक है जी."

"तो प्रतीक हमारे हॉल में उलटी करेगा?"

चुन्याची बादली आली. सगळी भिंतच पुसायचा हुकूम सुटला. काकू एका खुर्चीवर बसून पदराने भिंग पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी राहिली, त्या गावचे म्हातारे हरयाणवी ताऊ. भिंतीपाशी थबकले, काठी उगारली आणि ओरडले, "अरै, यो तो म्हारा फूफा सै! हर ब्याह में यो ए काम करै था!"

आत्याचा नवरा सापडल्याच्या आनंदात ताऊ हसता हसता डोळे पुसायला लागले, मग काठी टाकून चक्क नाचायला लागले. काकू पदर खोचून त्यांच्यासमोर. शेवटी खन्नाजीही! बादली कोणीतरी लाथेने कोपऱ्यात सरकवली.

"शहरातल्यांनी खेडुतांची टिंगल करायला हे कोरलं होतं," काकू धापा टाकत मला म्हणाल्या. "आणि मी वेडी इतकी वर्षं त्याला अधाशीपणा म्हणत बसले. फूफा होता गं तो!"

निवृत्तीनंतर काकू सांगलीला गेल्या, तिथेच वारल्या. बातमी आली त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये गेले. कुणाचं तरी लग्न होतं. स्टेजवर नवरा-नवरी एकटेच बसले होते, कारण सगळं वऱ्हाड भिंतीपाशी फूफाबरोबर फोटो काढून घ्यायला रांगेत उभं होतं.