दादाचं भरलेलं धरण

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शेतात पाण्याच्या चारीवर होते. शेजारच्या हिराबाई बांधावरून ओरडल्या, "शालनताई, तुमच्या भावाचं ऐकलं का? नाशकातून फोन आला व्हता... गेले ते." कालव्याच्या पाण्याची आमची पाळी दुपारपर्यंत होती. पाणी शेवटच्या ओळीला पोहोचेपर्यंत मी हलले नाही, मग हातपाय धुऊन नाशिकची एसटी धरली. भावकीत नावं ठेवली गेली. ठेवू देत.

आता सव्वा महिना होऊन गेला. बोट क्लबात शोकसभा झाली. धरणाला ज्यांनी रूप दिलं, असं कोणी कोणी बोललं, दोन लेखही छापून आले. दादाची, म्हणजे मधुकरची, मी सख्खी धाकटी बहीण. मला जे आठवतं ते त्यात नाही.

आम्ही पंचवटीतले. मला गोदावरीत पोहायला त्यानंच शिकवलं. मध्येच हात सोडून द्यायचा आणि मी गटांगळ्या खाताना काठावरून हसायचा. पुढे मी निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यात लग्न होऊन आले, कालव्याच्या अगदी शेवटच्या गावात. तो कारखान्यात साहेब झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं चार मित्रांना घेऊन धरणावर बोट क्लब काढला. आमचा कालवा त्याच धरणातून निघतो. पहिल्यांदा शिडाच्या बोटीत बसले तेव्हा मलाही फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग एका एप्रिलात कालव्याला पाणी सुटायची तारीख उलटून गेली. बागांची छाटणी झालेली. या दिवसांत वेल तहानली तर पुढच्या वर्षीचा घड तिच्या डोळ्यातच, फुटायच्या आधीच मरतो. चौकशी केली तेव्हा कळलं, क्लबाची बोटींची शर्यत आहे, पातळी उतरू नये म्हणून आठ दिवस पाणी थांबवलंय. पाटबंधारे खात्याच्या साहेबांकडे शब्द दादानं टाकला होता. मी फोन केला.

"शालन, पाणी उतरलं तर बोटी गाळात बसतील गं. मुंबईहून लोक येतायत."

"आणि आमच्या वेली?"

"आठ दिवसांनी काय बिघडतं? तुम्हा लोकांना रडायची सवयच लागलीय."

तुम्हा लोकांना... मी फोन ठेवला. शर्यतीच्या दिवशी गावातल्या बावीस बायका टेम्पोत घालून धरणावर नेल्या आणि धक्क्याला बांधलेल्या बोटींत नेऊन बसवल्या. हिराबाईंना पाण्याची भीती, त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "मी उठायची नाय. आधी पानी सोडा," एवढंच म्हणत राहिल्या. दादा पांढरी टोपी घालून आला, माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानं पोलीस बोलावले. फौजदारानं विचारलं, "या बाई कोण?" दादा म्हणाला, "मी ओळखत नाही." मला दंडाला धरून बोटीतून उतरवलं.

बाकीच्या बायकांना उतरवेपर्यंत दिवस गेला, शर्यत झाली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, पण उशीर झाला होता. पुढच्या हंगामात अर्ध्या बागेला घड लागले नाहीत. आधी कालव्याचं पाणी, मग बोटी, असा लेखी नियम मात्र तेव्हापासून झाला. दादा त्यालाही शेवटपर्यंत माझा आगाऊपणा म्हणायचा. आमची भाऊबीज तिथंच संपली.

जायच्या आधी पंधरा दिवस त्याला दवाखान्यात भेटले. नाकात नळी होती. त्यानं विचारलं, "धरणात किती आहे?" मी म्हटलं, "आम्हाला पुरेल एवढं." त्यानं तोंड फिरवलं. मीही उठले. याची मला खंत वाटत नाही... वाटायला हवी, असं लोक म्हणतात.

दहाव्यानंतर त्याची सून मनीषा मला धरणाजवळच्या बंगल्यात घेऊन गेली. "आत्या, पप्पा दिवसभर इथंच बसायचे," म्हणत तिनं त्याच्या खोलीतली वेताची खुर्ची पुढे केली. खुर्ची खिडकीला लागून होती. मी बसले. समोर काठोकाठ पाणी आणि पलीकडे धरणाची भिंत. भिंतीच्या मागचं तिथून काही दिसत नाही, ना कालवा, ना मळे. मनीषा म्हणाली, "इथून किती शांत वाटतं ना?"

खालचं त्याला कधी दिसलंच नाही, एवढं म्हणून मी त्याला माफ केलं असतं. पण माझ्या लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात दादा आमच्याकडे चार दिवस राहिला होता. चारीला पाणी आलं तेव्हा पँट दुमडून, माझ्या सासऱ्यांच्या हातातलं फावडं घेऊन त्यानं स्वतः वेलींना पाणी दिलं होतं. त्याला सगळं माहीत होतं.