साहेबाला डब्यात बसवणारी माझी भित्री आई

माझी आई भित्री होती.

आज सकाळी ती गेली. तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर मेसेज येतायत. 'काय डेरिंग होतं', 'गोऱ्या साहेबाला नडलेली बाई गेली'. सगळ्यांना थँक्स. पण मी तिचा धाकटा, तिने मला जे सांगितलं ते तुम्हाला माहीत नाही.

आता इंद्रलोकच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या आमच्या नातवंडांना पटत नाही, पण मिठागरांच्या पलीकडे, खाडीच्या काठाला एका ब्रिटिश कंपनीचा मालगाडीचे डबे बांधायचा कारखाना होता.

एकोणीसशे तीसच्या दशकात तो उभा राहिला आणि आमच्या खारी गावातली तरुण पोरं मिठागरं सोडून तिकडे धावली. आमचे बाबाही. महिन्याच्या महिन्याला पगार, अंगात खाकी, गावात वट.

बाबा फिटर झाले. डब्यांना ब्रेक बसवायचे.

आई लग्न होऊन आली ती लढाईच्या दिवसांत. आली आणि तिला कारखान्याचा नियम कळला.

नवा डबा तयार झाला की तो खाडीकडे उतरणाऱ्या रुळावर सोडून द्यायचे. ज्याने ब्रेक बसवला त्यानेच आत बसायचं, ब्रेकचं चाक फिरवायचं आणि डबा थांबवायचा. स्वतःचा जीव टांगलेला असला की माणूस काम नीट करतो, असं साहेबाचं म्हणणं.

रूळ संपायचा तिथे खाडी.

घोडबंदरचा एक फिटर असाच गेला. डबा थांबलाच नाही. भरती होती. ओहोटी लागल्यावर त्याला बाहेर काढलं.

नियम तोच राहिला.

तेव्हापासून आईचं एकच. कारखान्याचा सुटीचा भोंगा झाला की बाबा बांधावर दिसेपर्यंत ती दारात उभी. चुलीवर काही करपलं तरी हलायची नाही.

एकदा जेवताना बाबा बोलून गेले, "चांगलं लोखंड सगलं लढाईवर जातंय. आमाला येतंय ते ठिसूल हाय."

"मंग उद्या बसू नका."

"न बसून चालंल? माज्या जागी यायला धा जन उभे हायेत."

आईने आपलं ताट सरकवलं.

सकाळी बाबा कामावर गेले. थोड्या वेळाने तिने माझ्या मोठ्या भावाला कडेवर घेतलं, तो अंगावर पीत होता तेव्हा, आणि बांधावरून चालत कारखाना गाठला. डबा उतारावर उभा. बाबा चढायच्या बेतात. साहेब बाजूला.

मुकादम उत्तनचे ख्रिश्चन, पेद्रूदादा. इंग्रजी त्यांनाच यायचं. ते धावत आले. "बाय, घरा जा. हितं बायकांचं काय काम न्हाय."

आई म्हणाली, "साहेबाला इचारा, ब्रेक चांगला हाय ना? चांगला हाय तर त्यांनीबी ह्यांच्या बाजूला बसावं. मी घरा जाते."

पेद्रूदादा तिला गेटकडे वळवायला लागले. साहेबानेच विचारलं, काय म्हणतेय ही. मग त्यांना सांगावं लागलं.

बाबा जमिनीकडे बघत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

साहेबाने हॅट काढून पेद्रूदादांच्या हातात दिली आणि डब्यात चढला.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचं तिने फक्त मला सांगितलं. माफ कर आई, लिहितोय.

"डेरिंग कसली रे. भ्यानं माजं लुगडं भिजलं व्हतं. मना वाटलं, आता दोगंबी जातील. आन साहेबाला मारला म्हनून मना फाशी देतील. मंग माज्या पोराला कोन बघंल?"

डबा सुटला तेव्हा तिने डोळे मिटले. पुढचं तिने पाहिलंच नाही. ते बाबांनी सांगितलं.

अर्ध्या उतारावर ब्रेकचा दांडा कडकन वाजला. तडा गेला. बाबा हातातल्या चाकावर अक्षरशः लोंबकळले. डबा थांबला तेव्हा खाली पाणी दिसत होतं.

साहेबाने बाबांचं मनगट धरलं होतं. डबा थांबल्यावरही त्याची बोटं सुटेनात.

तो आईच्या समोरून गेला, पण तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक आधीच आवळायचे आणि डब्यात माणसाऐवजी वाळूची पोती.

गावात आईचं नाव झालं. बाबांना मात्र बरेच दिवस टोमणे. "आज बायकोला नाय आनलीस?"

आणि आई? दारात उभीच. तिची भीती काही पोत्यांनी गेली नाही.

लढाई संपली, ऑर्डरी आटल्या. एकेक शेड बंद पडली. स्वातंत्र्य यायच्या सुमारास साहेब गेला, मग गेटला कुलूप. गावात जणू सुतक. बाबा ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसलेले.

आणि आई आत भरदुपारी झोपली. चक्क घोरत होती.

बाबांनी हे तिला कधीच माफ केलं नाही. "माजी चूल इझली आन ही घोरत व्हती," जाईपर्यंत म्हणायचे. ती ऐकून घ्यायची.

खूप वर्षांनी मी विचारलं, आई, झोप लागली तरी कशी?

म्हणाली, "त्या दिशी भोंगा वाजनार नव्हता रे."

आई, झोप. आम्ही सगळे घरीच आहोत.

तुझ्या घाबरट जिवाला तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार.